अमेरिकेतली आखूड रायफल आणि आपली ठासणीची बंदूक

 

गव्यानं कुणाला उडवलं, बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं किंवा दोडामार्गाकडे हत्ती पुन्हा बागायतीत उतरले, अशी बातमी आली की टपरीवर एक वाक्य ठरलेलं असतं. "अमेरिकेत बघ, रानात जाणाऱ्याकडे बंदूक असता. आमका पण व्हयी." वीस वर्षं बातमीदारी करतोय, हे वाक्य ऐकलं नाही असा एकही पावसाळा गेला नाही. बोलणाऱ्याची मला चेष्टा करायची नाही. ज्याची माडाची बाग एका रात्रीत आडवी झाली त्यानं बंदूक मागितली तर त्याचं काय चुकलं? पण अमेरिकेतला माणूस रानात नेमकी कुठली बंदूक नेतो, तीच का नेतो आणि वेळेला तिचा किती उपयोग होतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून ही गोष्ट.

मी बंदूकवाला नाही. परवाना नाही, हौसही नाही. हातात धरलेली बंदूक म्हणजे एनसीसीतली पॉइंट टू-टू, तीही पालथं झोपून पाच गोळ्या. पण वाचायची खोड आहे.

तर अमेरिकेत आणि कॅनडात रानात न्यायची म्हणून जी बंदूक दीडशे वर्षं नावाजली गेली ती तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे. चापाभोवती लोखंडी कडी असते. ती कडी खाली ढकलून परत वर ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. जुन्या काउबॉय सिनेमांत तीच. 'टर्मिनेटर'च्या दुसऱ्या भागात अर्नोल्ड मोटारसायकलवर बसून एका हातानं गरकन फिरवतो, तीही याच जातीची. (ती रायफल नाही, विंचेस्टरची १८८७ ची शॉटगन आहे, पण खटका तोच.) हिला लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणतात. त्यातही मला सांगायचंय ते आखूड नळीच्या प्रकाराबद्दल. तिला कार्बाइन म्हणतात आणि त्याहून आखूड असेल तर ट्रॅपर, म्हणजे रानात सापळे लावत फिरणाऱ्यांची.

हिचा जन्म रानासाठी झालेला नाही. ऑलिव्हर विंचेस्टर हा मुळात शर्ट बनवणारा कारखानदार. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. बुडत चाललेल्या एका बंदूक कंपनीत त्यानं पैसे घातले आणि तिथला कारागीर बेंजामिन टायलर हेन्री यानं १८६० मध्ये लिव्हरच्या रायफलीचं पेटंट घेतलं. सोळा गोळ्या एकदम भरायच्या आणि कडी खालीवर करत झाडत सुटायचं. ज्या काळात बहुतेक सैनिक एक बार काढून पुन्हा दारू ठासत उभे राहायचे त्या काळात हे केवढं मोठं प्रकरण असेल, कल्पना करा. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू होतं, तिथं हेन्रीचं नाव झालं. पण दोष मोठे होते. गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत पुढच्या टोकाकडून भराव्या लागत, त्या नळीला खालून लांब फट होती आणि त्या फटीतून माती, चिखल, काटक्या सगळं आत. शिवाय पुढे धरायला लाकूडच नव्हतं. चार-पाच गोळ्या झाडल्या की तापलेलं लोखंड हातात.

१८६६ मध्ये हे दोष गेले. बाजूला एक छोटं झाकण आलं, त्यातून अंगठ्यानं एकेक काडतूस आत सरकवायचं. पुढे लाकडी मूठ आली. मला हे झाकण साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण आता दोन गोळ्या झाडल्या तर चालता चालता दोन गोळ्या भरता येऊ लागल्या, बंदूक खाली न ठेवता. रानात फिरणाऱ्याला हे लागतं. रांगेत उभं राहून लढणाऱ्याला त्याचं तेवढं काही नसतं.

मग १८७३ चं मॉडेल आलं. त्याच्या काडतुसाला .४४-४० म्हणतात. या काडतुसात फार ताकद नाही. पण १८७८ पासून कोल्ट कंपनीनं आपलं रिव्हॉल्व्हर याच काडतुसावर द्यायला सुरुवात केली. म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर, खोगिराला रायफल आणि दोन्हींना एकच गोळी. दुकानापासून आठ दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला दोन वेगवेगळ्या डब्यांचं ओझं नको असतं आणि अंधारात चुकीची गोळी चुकीच्या बंदुकीत घालायची नसते. पुढे कंपनीनं जाहिरातीत हिला 'पश्चिम जिंकणारी बंदूक' म्हणून मिरवलं. जाहिरातच ती.

कारण ज्यांच्याकडून ती पश्चिम 'जिंकली' त्यांच्याकडेही हीच बंदूक होती! २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन लोकांनी जनरल कस्टरच्या पाच तुकड्या पुऱ्या कापून काढल्या. कस्टरच्या शिपायांकडे सरकारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन, एका वेळी एकच गोळी. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्व संशोधकांनी धातुशोधक यंत्रं घेऊन जमीन विंचरली. सापडलेल्या पितळी टोप्यांवरून दिसलं की समोरच्या बाजूला हेन्री आणि विंचेस्टर मोठ्या संख्येनं होत्या. धनुष्यबाण आणि ठासणीच्या बंदुकाही होत्याच. सरकारनं एकगोळी बंदूक दिली ती लांब पल्ला आणि गोळ्यांची काटकसर म्हणून. कागदावर बरोबर असलेला हिशेब त्या माळावर महागात पडला.

आता आखूडपणाकडे येतो.

१८७३ च्या पूर्ण रायफलीची नळी २४ इंच, कार्बाइनची २० इंच. १८९२ आणि १८९४ च्या मॉडेलांतही कार्बाइन २० इंचीच, पण मागणी केली तर कंपनी १८, १६, १५, अगदी १४ इंची नळीसुद्धा करून द्यायची. चार-सहा इंचांनी काय फरक पडतो असं वाटेल. करवंदीच्या जाळीतून कधी कोयता घेऊन गेलात आणि कधी लांब काठी घेऊन गेलात, तर फरक कळेल. घोड्यावर चढताना उतरताना, होडीत वाकून बसताना, बर्फात झुडपाखाली गुडघ्यावर बसून सापळा उघडताना लांब नळी सारखी कुठेतरी अडकते. अडकली की माणूस ती झाडाला टेकवून ठेवतो. आणि नेमकी लागते तेव्हा ती झाडाला टेकलेली असते.

दुसरी गोष्ट, ही बंदूक चपटी आहे. बोल्ट रायफलीला बाजूला दांडी असते, खाली मॅगझिनचा फुगवटा असतो. हिला बाजूला काहीच नाही. खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या म्यानात घोड्याच्या फासळ्या आणि स्वाराची मांडी यांच्यामध्ये ती पाटीसारखी सपाट बसते. तोल बरोबर मधल्या लोखंडी भागावर. तिथं एका हाताची मूठ आवळली की दुसरा हात मोकळा, लगामाला किंवा कुऱ्हाडीला. वजन तीन किलोच्या आसपास. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालताना तीन किलो आणि साडेचार किलो यांत जो फरक असतो, तो कुणाही हमालाला विचारा.

उलट उदाहरण त्याच देशातलं, त्याच काळातलं आहे. बायसनचे लाखोंचे कळप ज्यांनी चामड्यासाठी मारून संपवले (आपल्याकडे जुने साहेबलोक गव्यालाही बायसन म्हणायचे, पण ते जनावर वेगळं) ते शिकारी विंचेस्टर वापरत नसत. त्यांची पसंती शार्प्ससारख्या जडशीळ, एकगोळी रायफलींना. ते कुठं चालत नसत. गाडी जवळ उभी, चामडं सोलणारी माणसं हाताशी. शिकारी दोन काठ्यांची कैची करून त्यावर नळी टेकवायचा आणि लांबून एकेक जनावर टिपत बसायचा. बंदूक मारायला लागत होती, वाहायला नाही. म्हणून मला वाटतं, आखूड लिव्हर रायफलीचं मोजमाप तिच्या गोळीच्या ताकदीवरून करणं म्हणजे छत्रीचं मोजमाप तिच्या दांड्याच्या मजबुतीवरून करणं. दिवसभर बाळगायची आणि चुकून कधीतरी उघडायची, ती वस्तू वेगळी असते.

तिला खरं वयात आणलं जॉन मोझेस ब्राउनिंगनं. युटातल्या ऑग्डनचा हा बंदूक बनवणाऱ्या कारागिराच्या घरातला माणूस. १८८६ ला त्यानं जड काडतुसांची लिव्हर रायफल दिली, १८९२ ला तीच रचना लहान करून हलकी दिली आणि १८९४ ला जी दिली तिनं विक्रम केला. १८९५ पासून तिला थर्टी-थर्टी नावाचं बिनधुराच्या दारूचं काडतूस मिळालं. हरणासाठी, काळ्या अस्वलासाठी, शंभर-सव्वाशे मीटरच्या आतल्या कामासाठी ते पुरेसं. ही १८९४ पुढे सत्तर लाखांहून जास्त बनली. दहा लाखावी राष्ट्राध्यक्ष कूलिजना भेट दिली, पंधरा लाखावी ट्रुमनना, विसाव्या लाखाची आयझेनहॉवरना. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता विंचेस्टरच्या नावानं त्या जपानात तयार होतात.

कुणी वापरली? शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी, लाकूडतोड्यांनी, टपाल नेणाऱ्यांनी. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी १८७८ पासून विंचेस्टरच्या १८७६ मॉडेलची कार्बाइन वापरली. दुसऱ्या महायुद्धात जपानी उतरतील या भीतीनं १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर कोळी, लाकूडतोडे, सापळेवाले यांचं एक रक्षकदल उभं केलं, त्यांना कॅनडा सरकारनं १८९४ च्या विंचेस्टर आणि मार्लिन कंपनीच्या तशाच रायफली घेऊन दिल्या. सैन्याकडे चांगल्या बंदुकांची चणचण होती हे एक कारण. दुसरं म्हणजे ही माणसं तीच बंदूक घेऊन लहानाची मोठी झाली होती, शिकवायला लागत नव्हतं.

थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी डाकोटात गुरं पाळत होता. १८८६ च्या वसंतात त्याची होडी तिघांनी चोरली. हा पठ्ठ्या बर्फाच्या पाण्यातून त्यांच्या मागं गेला, तिघांना पकडलं आणि शेवटचा टप्पा गाडीमागून चिखलात चालत, हातात विंचेस्टर, दीड दिवस जवळजवळ न झोपता डिकिन्सनच्या शेरिफकडे पोचवलं. एक गोळी झाडली नाही. या बंदुकीच्या चरित्रात असे दिवसच जास्त.

खोट्या कौतुकात राहू नये म्हणून दोष सांगतो, कारण विक्री करणारे सांगत नाहीत. गोळ्या नळीत एकामागे एक झोपलेल्या असतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर हादऱ्यानं पुढचं काडतूस नळीतच फुटू शकतं, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागते आणि बोथट गोळी लांब जात नाही. यावर मऊ टोकाची गोळी निघाली ती या शतकात. पालथं झोपून झाडायची तर कडी जमिनीला अडते. रिकामी करायची तर जुन्या रायफलींत प्रत्येक काडतूस कडी हलवून हलवून गोळीघरातून बाहेर काढावं लागतं, आणि थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी ते करताना घोडा सटकला तर? जुन्या मॉडेलांना वेगळी सेफ्टी नव्हती, घोडा अर्ध्यावर ठेवायचा एवढाच बंदोबस्त. त्यातून अपघात झाले आहेत. नळी आखूड केली की आवाज कानठळ्या बसवतो, नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतर कमी होऊन नेम चुकतो आणि खालच्या नळीत गोळ्याही कमी मावतात.

आणि अतिथंडीत? ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारं डॅनिश पथक पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रचनेच्या बोल्ट रायफली बाळगतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या रेंजर्सना १९४७ पासून कितीतरी दशकं ली-एन्फील्ड होती, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. हो, २६ नोव्हेंबरला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात होती तीच जात. मुंबईत ती निरुपयोगी ठरली म्हणून आपण संतापलो, आणि ध्रुवीय अस्वलाच्या मुलखात लोक तिला सोडायला तयार नव्हते. बंदूक चांगली की वाईट हे कुठं आणि कशासाठी यावर असतं.

आता खरा प्रश्न. जनावरापासून बचाव.

आज अमेरिकेत आखूड लिव्हर रायफल विकली जाते ती बहुतेक अस्वलाच्या नावावर. मार्लिन कंपनीनं १९९८ मध्ये .४५-७० काडतुसाची, साडेअठरा इंची नळीची रायफल काढली आणि नाव ठेवलं 'गाइड गन'. काडतूस १८७३ चं, अमेरिकी सैन्याचं. जवळजवळ २६ ग्रॅमची शिशाची गोळी. अलास्कातल्या लोकांनी ती उचलून धरली. तिथं लहान विमानातून रानात उतरतात, आणि एके काळी विमानात जीव वाचवायच्या सामानात बंदूक असावी असा अलास्काचा कायदाच होता. विमानात सीटमागे मावेल अशी आखूड आणि जड गोळीची बंदूक सोयीची.

गोळीच्या ताकदीचं म्हणाल तर अमेरिकेच्या वनखात्यानं १९८३ मध्ये एक अहवाल काढला होता. अलास्कातल्या त्यांच्या लोकांना अस्वलांच्या भागात काम करावं लागतं म्हणून अगदी जवळच्या अंतरावर वेगवेगळ्या गोळ्यांच्या चाचण्या घेतल्या. वरच्या जागा .४५८ आणि .३७५ अशा जड बोल्ट रायफलींना मिळाल्या. म्हणजे कागदावर लिव्हरवाल्या मागेच. पण दुसरं टोकही आहे. १९५३ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टात स्लेव्ह लेकजवळ बेला ट्विन नावाची क्री जमातीची बाई, वय ६३, रानातून जात असताना समोर ग्रिझली आलं. तिच्या हातात पॉइंट टू-टू, एकगोळी. मी एनसीसीत पालथं झोपून झाडली तशी! तिनं अगदी जवळून डोक्यात नेम धरला आणि ते पाडलं. ग्रिझली त्या काळी आकाराचा जागतिक विक्रम ठरला. ती आयुष्यभर सापळ्यांवर जगलेली बाई होती, कवटी कुठं पातळ असते हे तिला ठाऊक. तिची बंदूक घेऊन आपल्यातला कुणी गेला असता तर बातमी वेगळी झाली असती.

मग नोंदी काय म्हणतात? टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो हे अस्वलांवर काम करणारे नावाजलेले संशोधक. त्यांनी सहकाऱ्यांसोबत अलास्कातल्या १८८३ ते २००९ पर्यंतच्या, बंदूक जवळ असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या २६९ घटना जमवल्या. ४४४ माणसं, ३५७ अस्वलं. २०१२ मध्ये ते 'जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट'मध्ये छापून आलं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरनं अस्वल थांबलं ८४ टक्के वेळा, लांब बंदुकांनी ७६ टक्के. वाचून वाटतं, वा, उत्तम आहे की. पण पुढचं वाचा. बंदूक वापरणारे आणि जवळ असूनही न वापरणारे, या दोन गटांत माणसाला इजा होण्यात फरक सापडला नाही. बंदूक फसली तिथं का फसली याची कारणं दिली आहेत. सर्वांत मोठं कारण, वेळच मिळाला नाही. मग कुणाची अडकली, कुणाची सेफ्टी निघाली नाही, कुणी अडखळून पडला, कुणाचा नेम चुकला.

साधं गणित करा. अस्वल ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरनं धावतं, सेकंदाला पंधरा मीटर. झुडपातून तीस मीटरवर उठलं तर तुमच्याकडे दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत पाठीवरची लांब बंदूक खाली यायची, कडी हलायची, नेम लागायचा. आखूड रायफलीचा सगळा फायदा या दोन सेकंदांत आहे आणि तोही ती हातात असेल तर. सॅकला बांधलेली गाइड गन आणि घरी भिंतीवर टांगलेली गाइड गन सारखीच.

याच लोकांनी २००८ मध्ये मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास केला होता. ८३ घटना. तपकिरी अस्वलांना फवाऱ्यानं ९२ टक्के वेळा रोखलं आणि फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के माणसं बिनजखमी. बंदूकवाले या आकड्यांवर चिडतात आणि त्यांचा एक मुद्दा रास्त आहे: फवाऱ्याच्या घटनांत नुसत्या चौकस, वास घेत आलेल्या अस्वलांचाही भरणा आहे, धावून आलेल्यांचाच नाही. दोन अभ्यासांची सरळ तुलना करू नये. तरीही एवढं दिसतं की लाखभर रुपयांच्या लोखंडाला पावशेरभर मिरचीचा डबा टक्कर देतो.

आता घरी या. आपल्याकडे कुणी म्हणेल, आखूड तर आखूड, आम्हाला ती द्या. मिळणार नाही, आणि कारण १८७८ पर्यंत मागं जातं. म्हणजे कॅनडाच्या पोलिसांनी विंचेस्टर घेतली त्याच वर्षापर्यंत. १८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा केला आणि हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याचं कलम १३ वाचण्यासारखं आहे. संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी किमान वीस इंच. आणि पीक संरक्षणासाठी? ठासणीची.

वीस इंच! तिकडे अमेरिकेनं १९३४ मध्ये गुंडांच्या कापलेल्या बंदुका रोखायला कायदा केला, अठरा इंचांखालच्या रायफलीवर नोंदणी आणि दोनशे डॉलर कर लावला. त्यात बँक लुटणाऱ्यांबरोबर बिचारे सापळेवालेही अडकले, कारण त्यांच्या चौदा-पंधरा इंची ट्रॅपर एका रात्रीत बेकायदा झाल्या. १९६० मध्ये रायफलीची मर्यादा सोळा इंचांवर आणली, म्हणून आजच्या ट्रॅपर सोळाच्या असतात. दोन्ही देशांत सरकारला आखूड बंदुकीची भीती एकाच कारणानं वाटते. जी रानात बाळगायला सोपी, ती कोटाखाली लपवायलाही सोपी.

आणि आपल्या शेतकऱ्याला कायद्यानं सहज मिळू शकते ती कुठली, तर जी बाळगायला सर्वांत अवघड. लांब, एकबारी, दारू ओता, ठासा, छरे घाला, पुन्हा ठासा, टोपी बसवा. कोकणातल्या पावसात दारू सादळली की तीही गेली. भात पोसवतं, गवे उतरतात, नेमक्या त्या दिवसांत तिचा भरवसा नाही. शिवाय निवडणूक लागली की शेती संरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, ती बातमी मी दर वेळी लिहितो. रानात डुक्कर समजून माणसावरच बार काढल्याच्या बातम्याही मी लिहिल्या आहेत, त्या लिहिताना हात जड होतो.

गव्यासाठी किंवा बिबट्यासाठी ही बंदूक नाहीच. दोघेही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. जिवावर बेतलं असताना प्रामाणिकपणे केलेला बचाव १९७२ च्या त्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा ठरत नाही, हे लोकांना माहीत नसतं, ते माहीत असावं. पण पाठमोऱ्या माणसावर बिबट्या येतो तेव्हा दोन सेकंदही नसतात, आणि टोपी बसवायला त्याहून जास्त लागतात. हत्तीबद्दल तर बोलायलाच नको, छऱ्यानं तो फक्त चिडतो आणि मग वाडीत शिरतो.

अलास्कात पार्काचे लोक पाहुण्यांना सांगतात की वळणावर, दाट झुडपात मोठ्यानं बोलत चला, गटानं चला. आमच्याकडे जुनी माणसं तिन्हीसांजेला पाणंदीतून येताना कुकारे घालत यायची. हल्ली कानात इअरफोन घालून येतात. वाडीच्या वाटेवर दोन दिवे आणि झाडी छाटलेली पाणंद हे ग्रामसभेत मागता येतं, त्याला परवाना लागत नाही.

जाता जाता एक कामाचं. ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावची ठासणी आहे त्यांनी परवान्याची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे, आधी तीन होता. परवानाधारक वारले असतील तर बंदूक माळ्यावर ठेवून चालत नाही, ती आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची आणि वारसाच्या नावानं अर्ज करायचा. कागद कुठले लागतात ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या, कुणा एजंटाला पैसे देऊ नका.